न वाजणारा हौदा

जुनी गाडी दारात येऊन उभी राहिली की ज्ञानू मिस्त्री तिच्याकडं पाठ करून बसायचे. मलकापुरात हायवेला लागून त्यांचं पत्र्याचं शेड होतं. शेडपुढं कडुलिंबाखाली ऑइलचा एक रिकामा डबा उपडा घातलेला असायचा. त्यावर हे बसणार, तोंड हायवेकडं आणि पाठ गाडीकडं. गाडीचा मालक गोंधळून जायचा. आजोबांच्या वेळची पिकअप दुसऱ्या ट्रकवर घालून एवढ्या लांबून आणायची आणि ज्याच्यासाठी आणली त्यानं तिच्याकडं ढुंकूनही बघायचं नाही, म्हणजे काय? मग मिस्त्री चहा सांगायचे आणि चौकशी सुरू करायचे. गाडी घरी कुठं उभी असायची, तोंड कुठल्या दिशेला, चालवायचं कोण, मागं काय भरायचं, पोरं कुठल्या बाजूनं चढायची. मालक वैतागून म्हणायचा, "अहो, गाडी तरी बघा!" त्यावर मिस्त्री म्हणायचे, "गाडी कुटं पळून जातीया व्हय? ती हाय हितंच. तुमी मातूर चहा पिऊन जाणार. म्हणून आदी तुमास्नी बघून घेतो."

आणि सगळ्यात शेवटी एक ठरलेला प्रश्न. "ह्या गाडीतलं काय काढायचं न्हाई, तेवढं सांगा." बाकीचे कारागीर काय काय बदलायचं ते विचारतात. काय ठेवायचं हे विचारणारा माणूस मी तेवढा एकच बघितला.

त्यांचं काम जुन्या पिकअपना हौदे बसवण्याचं. अशा गाड्यांची केबिन टिकते, इंजिन बदलता येतं, पण माल भरायचा मागचा हौदा पहिला जातो. ऊस, खत, वाळू, म्हशी, वऱ्हाडी असं सगळं त्यानंच सोसलेलं असतं. केबिन त्या काळातली आणि मागं आजच्या पत्र्याचा चौकोनी खोका, अशी ध्यानं आपण रस्त्यावर बघतोच. मिस्त्रींना ते बघवायचं नाही. अशी गाडी दिसली की ते मान दुसरीकडं वळवायचे आणि म्हणायचे, "धोतरावर टाय बांदलाय बघा." त्यांचा बाप कडेगावकडं बैलगाड्या करायचा. लाकडाचं काम सुटलं, लोखंडाचं आलं, पण दोन वस्तूंचा सांधा कसा बसवायचा ते शिक्षण घरचंच होतं.

माझं रंगाचं दुकान त्यांच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर. आमची पहिली भेट झाली ती भांडणातूनच म्हणायला हरकत नाही. मी नुकतंच रंग जुळवणारं मशीन आणलं होतं. गाडीच्या रंगाचा टवका द्या, मशीन तंतोतंत तोच रंग काढून देणार, असा बोर्डही लावला होता. मिस्त्रींनी एका हिरव्या पिकअपचा टवका पाठवला. मी डबा भरून दिला, तासाभरात परत आला. दुसरा दिला, तोही परत. तिसरा घेऊन मी स्वतःच तरातरा गेलो. म्हटलं, "मिस्त्री, मशीन चुकत नाही. तुमच्या डोळ्यांचं काहीतरी बघायला पाहिजे."

ते रागावले नाहीत. माझा हात धरून त्यांनी मला गाडीच्या डाव्या अंगाला नेलं, मग उजव्या अंगाला नेलं. "रंगशेट, ही गाडी उगवतीकडं तोंड करून उभी असायची. दक्षिणंचं ऊन हिच्या उजव्या अंगावर पडलंय, तीसएक वर्सं. डाव्या बाजूला भित हुती. म्हंजी हिचं रंग दोन हाईत. तुमच्या मशीनला रंग दिसतोय, वय दिसत न्हाई." मी मालकाला फोन लावला. गाडी पूर्वेकडं तोंड करूनच उभी असायची, डावीकडं गोठ्याची भिंत. मी तिथंच गार झालो. त्या दिवसापासून त्यांच्या कामाला मी दोन डबे देऊ लागलो, आणि बोर्डावरचा 'तंतोतंत' हा शब्द माझ्याच हातानं पुसला. ते मला 'रंगशेट' म्हणायचे ते मात्र शेवटपर्यंत. त्यात चेष्टा किती आणि माया किती याचा हिशोब मी कधी लावला नाही.

साताऱ्याच्या एका डॉक्टरांची पिकअप आली होती, तेव्हाची गोष्ट. डॉक्टर हौशी आणि बरंच वाचणारे. त्यांनी त्या मॉडेलची मूळ मापं कुठून तरी मिळवून कागदावर छापून आणली. शेडमधला वेल्डर शिवाजी, मिस्त्रींच्या हाताखाली वीस वर्षं काम केलेला, पन्नाशीला आलेला माणूस. त्यानं कागदाबरहुकूम हौदा केला. काटकोनाच्या गुण्याला लावून बघितला, कुठं सुताचाही फरक नाही. बसवला आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले. गाडी कंबरेत लचकल्यासारखी दिसत होती. डॉक्टर कागद उलटसुलट करून बघू लागले. मिस्त्री हसले. म्हणाले, "हौदा सरळच हाय, डाक्टर. पर केबिन इतकी वर्सं डायवरच्या वजनानं उजवीकडं बसलीया. म्हाताऱ्या माणसाशेजारी ताठ पोरगं हुबं केलं, की म्हातारा जादाच वाकलेला दिसतोय. जोडीनं हुबं ऱ्हायाचं तर ह्येनं बी जरा वाकायला पायजे."

त्यांनी हौदा काढला आणि उजव्या अंगाला, बोटाच्या पेराएवढाही नसेल, इतका कल दिला. कागदाच्या हिशोबानं तो आता चुकीचा झाला होता. परत लांब जाऊन बघितलं तर गाडी सरळ! डॉक्टरांनी तो छापील कागद घडी घालून खिशात ठेवला आणि मिस्त्रींना वाकून नमस्कार केला. मिस्त्री नमस्काराला फार लाजायचे. लगेच उठून नळावर हात धुवायला गेले.

एका गोष्टीचा मात्र त्यांना उघड अभिमान होता. त्यांचा हौदा वाजायचा नाही. चेसी आणि हौद्याच्या मध्ये सागाच्या पट्ट्या, त्यावर जुन्या टायरचं रबर, बोल्ट आवळायचा तो हाताच्या अंदाजानं. मागचा फाळका, म्हणजे हौद्याचं खाली उघडणारं झाकण, ते तर कपाटाच्या दारासारखं मिटायचं. काम झालं की गाडी शेडमागच्या खडकाळ रस्त्यावर न्यायची आणि हे हौद्यात डोळे मिटून उभे राहणार. कुठं बारीक जरी खुळखुळ झाली तरी गाडी परत आत. "वाजणारा हौदा माझ्या दारातनं भाईर गेलेला न्हाई," असं ते म्हणायचे, आणि ते खरं होतं.

आता मी माझ्या सासऱ्यांच्या गाडीबद्दल सांगतो. त्याशिवाय मिस्त्री कोण होते ते कळणार नाही, आणि मी किती शहाणा होतो तेही कळणार नाही.

सासरे भूपाल आप्पा. सांगलीच्या अलीकडं कृष्णाकाठी त्यांचं गाव. हळद आणि ऊस. वयाच्या पंचविशीत त्यांनी लिलावातली एक गोल नाकाची निळी पिकअप घेतली आणि पुढची पन्नासएक वर्षं घर ते मळा, मळा ते घर अशी ती चालवली. बोलणं अगदी कमी. आमच्या लग्नातही ते माझ्याशी एकदाच बोलले होते, "पाव्हणं, पानी पिलं का?" पण माणूस नेमाचा. आमच्या जैनांत जुनी माणसं सूर्य मावळायच्या आत जेवतात, नंतर तोंडात काही घालत नाहीत. आप्पांनी तो नेम कधी मोडला नाही. मळ्यातून यायचं, हातपाय धुवायचे, सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, तव्यावरची भाकरी ताटात टाकायची आणि बाहेर ऊन असेपर्यंत जेवण उरकायचं.

महापुरात त्यांच्या अंगणात पुरुषभर पाणी चढलं आणि आठवडाभर राहिलं. माणसं आणि जनावरं वेळेवर हलवली, गाडी राहिली. पाणी उतरल्यावर केबिन कशीबशी उभी होती, पण आधीच कुजलेल्या हौद्याचा चोथा झाला होता. माझा मेव्हणा महावीर घरातली सगळी घाण उपसत होता, त्या धांदलीत त्यानं तो हौदा भंगारात देऊन टाकला. त्या दिवसापासून आप्पांचं मळ्यात जाणं बंद झालं. महावीर मोटरसायकलवर बसा म्हणायचा, ते मान हलवायचे. सकाळी बस्तीत, म्हणजे देवळात, दर्शनाला जायचं आणि मग दिवसभर घराच्या पुढच्या सोप्यात बसून राहायचं. बघता बघता माणूस निम्मा झाला. बायको मला म्हणाली, "तुमच्या त्या मिस्त्रींना सांगा. गाडी झाली तर आप्पा उठतील, नाहीतर नाही उठायचे." ती रडत नव्हती, म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

मी गाडी ट्रकवर घालून मलकापूरला आणली. मिस्त्री नेहमीप्रमाणं पाठ करून बसले. "मालक कुटं हाईत?"

"ते कुठं येणार एवढ्या लांब? मी आहे ना. विचारा मला," मी म्हणालो.

त्यांनी विचारलं आणि मी फडाफडा उत्तरं दिली. जावई म्हणून मला सगळं ठाऊक! शेवटी तो प्रश्न आला, ह्यातलं काय काढायचं नाही? मी म्हणालो, "काय ठेवताय मिस्त्री त्यात? सगळं काढा. आणि तो खडखडाट तेवढा घालवा. लग्न झाल्यापासून ऐकतोय."

"त्येची काळजीच नगं," मिस्त्री म्हणाले.

तशा हौद्यासाठी ते चार महिने हिंडले. शेवटी पाचगणीच्या एका स्ट्रॉबेरीवाल्याच्या परड्यात त्याच जातीचा हौदा सापडला. त्यात शेणखत भरलं होतं आणि वर भोपळ्याचा वेल चढला होता. मिस्त्रींनी वेल हळूच बाजूला केला, पत्र्यावर बोटाचं पेर वाजवलं आणि म्हणाले, "जिता हाय." पण तो वीतभर आखूड निघाला. तेवढा तुकडा त्यांनी लाकडी साच्यावर हातोडीनं ठोकून वाढवला, जुन्या पत्र्यावरच्या पन्हाळ्यांना, म्हणजे खोलगट खाचांना, नव्या पन्हाळ्या जुळवत. पुढं रंगाच्या निमित्तानं मी त्या हौद्यावर दोन दिवस हात फिरवत होतो, मला सांधा सापडला नाही. तसं सांगितलं तर म्हणाले, "घावला तर मला बी दावा. मला बी आता घावंना झालाय."

गाडी अंगणात नेऊन उभी केली तेव्हा अख्खी गल्ली जमली. रंग तोच, कल तोच, उन्हानं उडालेलं उजवं अंगसुद्धा तेच. आप्पा सोप्यातून उठून आले. गाडीभोवती एक फेरी मारली आणि आत चढून बसले. बायकोनं माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला वाटलं, जिंकलं.

त्या दिवशी आप्पा गाडी घेऊन मळ्यात गेले, किती तरी महिन्यांनी. आम्ही दुपारीच मलकापूरला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. आप्पांनी मला स्वतःहून केलेला तो पहिलाच फोन.

"पाव्हणं, गाडी झ्याक झालीया. पर ती माझी न्हवं. ज्येची असंल त्येला देऊन टाका."

मिस्त्रींना कुठल्या तोंडानं सांगायचं? घुटमळत जाऊन सांगितलं. पन्नास वर्षांत त्यांचं काम परत आलं नव्हतं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "मापात चुकलो असतो तर कळलं असतं. रंगात न्हाई. म्हंजी इचारण्यात चुकलो." आणि माझ्याकडं बघून, "मालकाला इचारायचं ते मी जावयाला इचारलं." एवढंच म्हणाले, पण मला ते पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं एसटीनं सासुरवाडीला गेलो. मिस्त्रींच्या पिशवीत हत्यारं होती. आप्पांना त्यांनी विचारलं, "आप्पा, काय चुकलं म्हनायचं?"

"चुकलं काय न्हाई, मिस्त्री. तुमचा हात सोन्याचा हाय," आप्पा म्हणाले आणि टोपी घालून बस्तीकडं चालू लागले. त्यांना सांगता येत असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

मिस्त्री अंगणात पायरीवर बसले, यावेळीही गाडीकडं पाठ करून. आक्का चहा घेऊन आल्या. "आक्का, परवा सांजच्याला काय झालं?" त्यांनी विचारलं.

आक्कांनी पदरानं हात पुसला. "काय सांगू मिस्त्री, माझंच चुकलं. मी मागच्या दारात हळकुंडं निवडत बसले हुते. ह्ये कवा आले, गाडी कवा लागली, मला कळलंच न्हाई. वर बघतीया तर ह्ये पाय धुऊन पाटावर बसल्यात आन् चूल गार. पळत जाऊन जाळ केला. भाकरी ताटात पडंस्तवर सूर्य गेला. तसंच उठलं बघा, उपाशी. येवढ्या संसारात पयल्यांदा."

"रोज कसं कळायचं?"

"आता गं बया! रोज गाडी वाजायची की. कॅनॉलच्या पुलावर आली की आवाज यायचा. तिथनं घर लांब हाय, गाडी फिरून यायची, तवर माझी पयली भाकरी टम्म फुगायची. घड्याळ कुटं हुतं आमाला?"

मी खाली मान घातली. लग्न झाल्यापासून ऐकतोय म्हणून मोठ्या तोंडानं जो घालवायला सांगितला होता, तो हाच आवाज. मिस्त्री मात्र उठले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला नवल वाटलं. कुणी चूक दाखवली की त्यांना बरं वाटायचं. पण दुसऱ्याच क्षणी ते गंभीर झाले. जुना हौदा भंगारात कधीच वितळला होता. त्याचा आवाज त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता.

"आक्का," ते म्हणाले, "तुमी सैपाकघरात जाऊन रोजच्या जाग्याला बसा. माझ्याकडं बघू नगा. मी वाजीवतो. तुमी निस्तं व्हय का न्हाई सांगा."

पुढचे दोन तास मी जे बघितलं ते मी उभ्या आयुष्यात विसरणार नाही. आक्का आत चुलीपाशी, खिडकीकडं पाठ करून. बाहेर मिस्त्री. ज्या माणसानं जन्मभर हौदे गप्प केले, तो माणूस फाळक्याची खीळ काढून कानशीनं भोक मोठं करत होता. केसभर घासायचं, खीळ घालायची, फाळका दोन्ही हातांनी हलवायचा.

"न्हाई," आतून आवाज. "ही तर ट्रॅक्टरची ट्रॉली झाली."

मिस्त्रींनी रबराचा एक तुकडा परत घातला.

"आता टांगा झाला!"

मी हसलो, आक्काही हसल्या, मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी फाळका अडकवायच्या साखळीच्या दोन कड्या कमी केल्या. "जवळ आलाय. पर त्येला मागनं एक टक् हुतं," आक्का म्हणाल्या. आधी खळ्ळ, मग टक्. ते टक् काही केल्या येईना. मिस्त्री घामानं निथळत होते. त्यांनी डाव्या बाजूची साखळी हातात घेतली, उजव्या बाजूची घेतली आणि मोठ्यानं विचारलं, "आक्का, दोनी साखळ्या सारख्या हुत्या का वो?"

आतून आक्का म्हणाल्या, "आवं न्हाई की! डावी तुटली हुती. महावीर झाला त्या वर्सी. ह्यांनी तिथं म्हशीची साखळी लावली हुती, ती तशीच ऱ्हायली."

मिस्त्री गोठ्यात गेले. खुंटीवर तसलीच जुनी, जाड, गंजलेली साखळी टांगली होती, ती आणून डावीकडं अडकवली. तिची शेवटची कडी मोठी होती आणि पत्र्याच्या कडेला लागत होती. त्यांनी फाळका हलवला. खळ्ळ, टक्. आतून उत्तर आलं नाही. परत हलवला. उत्तर नाही. मी खिडकीतून आत बघितलं. आक्कांनी चुलीवर तवा ठेवला होता. सकाळचे अकरा वाजले होते, पीठ मळलेलं नव्हतं, चुलीत जाळही नव्हता. हात आपला आपण तव्याकडं गेला होता आणि त्या त्याच्याकडं बघत बसल्या होत्या. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मिस्त्रींनी कानशीला लागलेला भुगा फुंकून टाकला आणि कानस पिशवीत ठेवली.

आप्पा बस्तीतून आले. मिस्त्री त्यांना म्हणाले, "आप्पा, येक डाव मळ्यापातूर घेऊन जावा. न्हाई पटली तर ह्यो हौदा मी काढून नेतो आन् परत तुमाला तोंड दावत न्हाई." आप्पांना माणसाचा शब्द मोडवत नसे. ते दुपारी गेले.

आम्ही वाट बघत अंगणात बसलो. सोप्यातली सावली भिंतीवर चढत चालली तसा मी पुनःपुन्हा उठून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन येऊ लागलो. मिस्त्री मात्र दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून स्वस्थ. आणि मग कॅनॉलच्या बाजूनं तो आला. आधी अगदी बारीक, मग स्पष्ट, खळ्ळ, टक्, खळ्ळ, टक्. आत तवा चुलीवर ठेवल्याचा आवाज झाला. गल्लीतली एक म्हातारी दारात येऊन म्हणाली, "भूपाल आला वाटतं." पुरानंतर असं कुणी म्हटलं नव्हतं.

आप्पा उतरले, हातपाय धुतले, पाटावर बसले. भाकरी ताटात पडली तेव्हा खिडकीतून ऊन त्यांच्या ताटावर येत होतं. आक्कांनी आम्हालाही वाढलं. चार घास झाल्यावर आप्पा मिस्त्रींकडं वळून म्हणाले, "मिस्त्री, माझा हौदा कुटं घावला म्हनायचा तुमास्नी?"

पाचगणीपर्यंतची चार महिन्यांची पायपीट, वीतभर वाढवलेला पत्रा, सकाळची कानस, यातलं काहीही ते सांगू शकले असते. मी तर सांगायला तोंड उघडलंही होतं. मिस्त्रींनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. म्हणाले, "हितंच हुता, आप्पा. जरा उशीर झाला घावायला."

परतीच्या एसटीत मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी मांडीवर घेतली होती. कऱ्हाड जवळ आल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पन्नास वर्सं वाजतंय ते गप्प करत आलो. आज गप्प हुतं ते वाजतं करून आलो. खरं तर लाज वाटायला पायजे. वाटंना गड्या."

मी या माणसासमोर दुकानातल्या मशीनच्या बढाया मारत होतो. नुसतं एवढं आठवलं तरी आजही मला ओशाळल्यासारखं होतं. जुळवणं म्हणजे दोन वस्तू सारख्या करणं, अशी माझी समजूत होती. वस्तू कुणाच्या आयुष्यात कुठं बसते ते शोधून तिथं ती परत बसवायची, असं काम करणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

गेल्या वर्षी ज्ञानू मिस्त्री गेले. दोन दिवस ताप काय आला, आणि गेलेच. दहाव्या दिवशी शेडपुढं माणसं जमली होती. त्यांनी हौदे बसवलेल्या सहा-सात जुन्या गाड्याही आल्या होत्या, कडुलिंबाच्या बाजूनं ओळीत उभ्या. सगळ्या आवाज न करता आल्या होत्या. एवढ्यात हायवेवरून खळ्ळ, टक्, खळ्ळ, टक् करत निळी पिकअप आत वळली. महावीर चालवत होता, शेजारी आप्पा. सगळ्या माना तिकडं वळल्या. मिस्त्रींच्या दारात, आणि वाजणारा हौदा! शिवाजी वेल्डरला ते सहन होईना. रडून त्याचे डोळे सुजले होते. तो तडक आत गेला, पाना आणि रबराचा तुकडा घेऊन आला आणि फाळक्यापाशी वाकला. निदान आज तरी उस्तादांच्या कामाला कुणी नाव ठेवू नये, असंच त्याच्या मनात असणार.

आप्पा खाली उतरले. कधी कुणाला हात न लावणाऱ्या या माणसानं शिवाजीचं मनगट धरलं.

"हात लावू नगंस, बाबा," ते म्हणाले. "ढिलं न्हवं ते. मिस्त्रीनं मापात बसीवलंय."